मिठागरातली तपकिरी पूड : आर्टेमियाची कथा



जिताड्याचे बीज आपण केंद्रातून आणतो नि तळ्यात सोडतो. पण ते बीज पहिले काही दिवस काय खाऊन जगलं? बोटुकलीला तयार खाद्य चालतं; नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला ते चालत नाही. त्याच्या तोंडात मावेल असं, पाण्यात हलणारं, जिवंत खाद्यच लागतं. ही मोठी अडचण ज्या जिवाने सोडवली, तो मिठागरातला आहे. त्याचं नाव आर्टेमिया.

इंग्लंडात लिमिंग्टनच्या मिठागरांत श्लोसर यांनी १७५५ च्या सुमारास हा जीव पाहून त्याचं वर्णन केलं. माशांचं खाद्य म्हणून त्याचं मोल कळायला मात्र पावणेदोनशे वर्षं लागली. १९३३ साली अमेरिकेत सील यांनी आणि १९३९ साली नॉर्वेत रोलेफसेन यांनी दाखवून दिलं, की आर्टेमियाची ताजी पिल्लं माशांच्या पिल्लांना उत्तम मानवतात.

याची खुबी अंड्यात आहे. पाणी फार खारट झालं, की मादी टणक कवचाची सुप्त अंडी टाकते. वाऱ्याने ती तपकिरी पुडीसारखी काठाला जमतात. वाळवून नीट ठेवली तर बियाण्यासारखी टिकतात आणि खाऱ्या पाण्यात पडली, की दिवसभरात फुटतात.

१९५० नंतर सॅन फ्रान्सिस्कोची मिठागरं आणि युटातलं ग्रेट सॉल्ट लेक इथून या अंड्यांचा व्यापार वाढला. सगळं जग दोन-चार ठिकाणांवर विसंबून राहिलं. १९७० च्या दशकात माल कमी पडला, भाव भडकले आणि मत्स्यबीज केंद्रं अडचणीत आली. १९७६ साली जपानात क्योतो येथील परिषदेत बेल्जियमचे सोर्गेलूस यांनी सांगितलं, की ही टंचाई कायमची नाही. नव्या मिठागरांत हा जीव सोडता येईल. १९७७ साली ब्राझीलमधल्या मकाऊ येथील मिठागरांत तो सोडला आणि तिथे रुजला.

पुढे व्हिएतनाममध्ये, मेकाँगच्या मुखाजवळ विन्ह चाऊ येथे, मीठ पिकवणारे शेतकरीच आर्टेमिया पिकवू लागले. पावसाळ्यात पाणी गोडं झालं, की तो मरतो. म्हणून दर कोरड्या हंगामात नव्याने सोडावा लागतो. मीठही मिळतं आणि अंडीही.

आपल्याकडे मुंबईच्या मिठागरांत आर्टेमियाची नोंद १९५३ साली झाली. तेव्हा हा जीव आपल्याला अगदी परका नाही. पण बाहेरची जात आणून सोडली, तर ती इथल्या जातीला हुसकावू शकते. मत्स्य खात्याला विचारल्याशिवाय तसं करू नये.

अंडी महाग, म्हणून उबवणी काटेकोर हवी. डबा फोडला, की बियाण्याची उगवण पाहतो तशी चिमूटभर आधी उबवून पाहावी. मग अंडी तासभर गोड्या पाण्यात भिजवून घ्यावीत. निमुळत्या बुडाच्या भांड्यात दर लिटर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम मीठ आणि फार तर २ ग्रॅम अंडी घालावीत. पाणी २८ अंशांच्या आसपास असावं. बुडातून हवा सारखी चालू ठेवावी आणि वर दिव्याचा उजेड असावा. साधारण २४ तासांत पिल्लं फुटतात.

मग हवा बंद करून पाच-दहा मिनिटं थांबावं. टरफलं वर येतात, पिल्लं खाली जमतात. पिल्लं बुडातून बारीक जाळीत काढून धुवावीत. टरफलं टाकीत जाऊ देऊ नयेत. ती माशाच्या पिल्लाच्या आतड्यात अडकतात. आर्टेमियाची पिल्लं ठेवून देऊ नयेत, लगेच खाऊ घालावीत. तास जातील तसा त्यांच्या अंगातला साठा संपतो आणि कस उतरतो.

टंचाईच्या त्या वर्षांनी दोन गोष्टी शिकवल्या. एकाच बाजारावर विसंबू नये, आणि हाती आलेलं चिमूटभरही वाया घालवू नये. पुढच्या वेळी बीज आणायला जाल, तेव्हा पिल्लांना काय खाऊ घातलं, हे जरूर विचारा.