फरासखाना : चालत्या घराची जमीन

पुण्यात मंडईतून निघून शिवाजी रस्त्याने दगडूशेठ गणपतीकडे चालू लागले की काही मिनिटांत फरासखाना लागतो. हे नाव आज पोलीस ठाण्यामुळे सर्वांच्या तोंडी आहे. पण फरास म्हणजे कोण, आणि त्याच्या खान्यात काय ठेवले जाई, असे विचारले तर बहुतेकांचा तर्क ठाण्याच्या अंगानेच जातो. वास्तविक पेशवाईत हे तंबू, राहुट्या, कनाती, सतरंज्या, जाजमे आणि गालिचे यांचे खाते होते. 'फर्श' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पसरणे, अंथरणे. अंथरण्याचे काम करणारा तो फर्राश, मराठीत फरास. फरास हे आडनाव कोल्हापूरकडे आजही आढळते.

गंमत अशी की, याच मुळातून आलेली 'फरशी' आपण घरात कायमची बसवतो. गुंडाळून नेण्याच्या वस्तूचा शब्द मराठीत दगडाला चिकटला. ज्या राज्याचे कर्ते लोक वर्षातले कित्येक महिने मुलूखगिरीवर असत, त्यांना घर बरोबर न्यावे लागे. छप्पर म्हणजे तंबू, भिंत म्हणजे कनात, आणि जमीन म्हणजे बिछायत. तंबूंविषयी थोडेफार लिहिले गेले आहे. जमिनीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

हा विषय आत्ताच काढण्याला निमित्त आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मिनीबसमध्ये बिछाना, ओटा, न्हाणी बसवून 'मोटारहोम' करून घेणारे हौशी लोकही आता दिसू लागले आहेत. त्यांना पडणारा एक प्रश्न अगदी साधा आहे : खाली काय घालायचे? चिखलाचे पाय, सांडलेले पाणी, रस्त्याचे हादरे, मोजके वजन आणि त्यातच झोपायचे. हा प्रश्न नवा नाही. फरासखान्याचे सारे काम याच प्रश्नाभोवती चालत असे.

अठरा कारखान्यांतला एक

शिवकाळातील अठरा कारखान्यांची जी यादी परंपरेने सांगितली जाते, तिच्यात तोफखाना, पीलखाना, जामदारखाना, मुदपाकखाना यांच्या बरोबरीने फरासखाना येतो. तोफ आणि सतरंजी एकाच यादीत असावीत, यावरूनच राज्यकर्त्यांच्या लेखी या खात्याचे वजन कळते.

ही व्यवस्था मोगल वळणाची होती. अबुल फझलच्या 'आईन-इ-अकबरी'त फर्राशखान्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. बादशाही मुक्कामाच्या सरंजामाला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत, असे तो नोंदवतो. माणसांत १००० फर्राश, १०० भिश्ती, १५० झाडूवाले, शिवाय सुतार, तंबू शिवणारे, मशालजी आणि चामड्याचे काम करणारे ३० कारागीर. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एक वापरात असताना दुसरा पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राही. अंथरुणांतही त्याने प्रकार सांगितले आहेत : भारी गालिचे, गिलीम, नमदे, आणि जाजम, शतरंजी, बलुची, बारीक विणीच्या चटया. म्हणजे सोळाव्या शतकातच एकाच मुक्कामावर निरनिराळ्या कामासाठी निरनिराळी बिछायत वापरली जात होती.

शिवाजी महाराजांच्या फौजेचा बाज याच्या अगदी उलट, म्हणजे सडेपणाचा. सभासदाच्या बखरीत लष्कराच्या वर्षाचे जे वर्णन आहे, त्यात एक गोष्ट आपल्या विषयाला फार महत्त्वाची आहे. पावसाळ्यात फौजेने आपल्या मुलखात छावणीस यावे, आणि तेथे दाणागोटा, औषधे व गवताने शाकारलेली घरे आधीपासून तयार असावीत. 'छावणी' शब्दातच छावणे, म्हणजे शाकारणे आहे. कापडी घर आठ महिन्यांचे, पावसाचे चार महिने गवताचे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर फौजा बाहेर पडत, तेव्हा जमीन वाळू लागलेली असे. सुती बिछायत टिकायची ती या शिस्तीमुळे. ओल लागलेली सतरंजी वाळवायला ऊन लागते, आणि आषाढात ऊन कुठून आणणार?

बैठक म्हणजेच सामान

१७९० च्या तहाच्या प्रसंगाचे थॉमस डॅनिएलचे एक प्रसिद्ध तैलचित्र आहे. पेशव्यांचा पुण्यातला दरबार भरलेला आहे, इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आला आहे. चित्रात पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे सारी मंडळी खाली बसली आहेत. टेबल नाही, खुर्ची नाही. दरबाराचे सामान म्हणजे बिछायत, गादी, लोड आणि तक्के. हे सगळे गुंडाळून उंटावर घातले की दरबार निघाला. वाड्यातली बैठक आणि माळावरच्या डेऱ्यातली बैठक यांत रीतीचा फरक पडत नसे. खुर्ची-टेबलावर बसणाऱ्या साहेबाला तीच सोय हवी असेल तर गाडीभर लाकूड वाहावे लागे.

खाली बसण्याची रीत असल्यामुळे आपल्याकडची बिछायत ही केवळ पायाखालची वस्तू नव्हती. तीच आसन, तीच अंथरूण. म्हणून तिचे थर पडत. तळाला ओल आणि खडे सोसणारे जाडेभरडे : चटई, तरट किंवा घोंगडी. त्यावर सतरंजी किंवा जमखाना, जो सपाटी देई. त्यावर छापील जाजम किंवा पांढरी चादर, जी मळली की धुता येई. गालिचा सर्वांत वर, तोही मानाच्या जागेपुरता. या रचनेचा फायदा असा की, बिघडला तर एक थर बिघडे. वरची चादर रोज धुवा, सतरंजीला आठवड्याने ऊन दाखवा, तळाचे तरट फाटले तर टाकून द्या.

थरांना सीमाही असे. बिछायतीच्या कडेला जोडे उतरत. १७९२ मध्ये महादजी शिंदे पुण्यास आले, पेशव्यांपुढे स्वतःला पाटील म्हणवत लीनतेने वागले आणि काखेतून आणलेले नवे जोडे त्यांच्यापुढे ठेवले, ही हकीकत ग्रँट डफने दिली आहे. ती वाचताना आपण महादजींच्या मुत्सद्देगिरीकडे पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण जोड्यांना एवढा अर्थ का, याचे अर्धे उत्तर बिछायतीत आहे. अंथरलेल्या जमिनीवर जोडे येत नाहीत, हा नियम मानाचा होता आणि स्वच्छतेचाही. चिखल दाराबाहेर राहिला तरच चालते घर राहण्याजोगे राहते.

पानिपतचे ओझे

फरासखाना वाढला की फौजेची चाल मंदावते. १८२६ च्या आपल्या इतिहासात ग्रँट डफ सांगतो की, उत्तरेकडच्या आधीच्या मोहिमांत मराठ्यांचा मुक्कामाचा सरंजाम अगदी साधा असे. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या मोहिमेत मात्र रेशीम आणि बनातीचे अस्तर लावलेले उंच, प्रशस्त तंबू आणि दुरून चमकणारे सोनेरी कळस आले. सरदारांच्या डेऱ्यांभोवती रंगीत कनातींचे कोट उभे राहिले. पानिपतचा पराभव तंबूंमुळे झाला असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. बाजारबुणगे, यात्रेकरू, तोडलेली रसद ही कारणे मोठी आहेत. पण असल्या तंबूत तरटावर बसत नाहीत. जे छप्पर वाढते ते जमीनही वाढवते, आणि प्रत्येक गालिच्यामागे एक जनावर, त्या जनावरामागे एक माणूस आणि दोघांचे खाणे. सडेपणा सोडण्याची किंमत अशी रोज मोजावी लागते.

धनगरांचा वाडा

सडेपणाचे जिवंत उदाहरण आजही आपल्या डोळ्यांसमोर आहे. फलटण, खंडाळा, जेजुरीकडचे मेंढपाळ धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरे घेऊन कोकणाकडे निघतात. त्यांच्या फिरत्या मुक्कामाला ते 'वाडा' म्हणतात. शनिवारवाडा आणि हा वाडा, शब्द एकच. सारे बिऱ्हाड घोड्यावर लादलेले असते आणि बिछायतीच्या ठिकाणी एकच वस्तू : घोंगडी.

दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्यांची खळ दिलेली घोंगडी अंथरता येते, पांघरता येते आणि पावसात तिची खोळ करून डोक्यावर घेता येते. लोकर ओली झाली तरी सुतासारखी एकदम गार पडत नाही, आणि ठिणगी पडली तर सुतासारखी भडकत नाही. चुलीशेजारी झोपणाऱ्यांना याचे मोल कळते. फरासखान्याने जे काम चार थरांत वाटले होते, ते मेंढपाळाने एका थरात बसवले. फक्त ती खरखरीत आहे, आणि खरखर सोसायची तयारी हवी.

चिकटवलेली जमीन

मग विलायतेहून तिसरे उत्तर आले. १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने जवसाच्या तेलापासून जमिनीचे आच्छादन बनवले : लिनोलियम. नावातच जवस आणि तेल यांचे लॅटिन शब्द आहेत. वऱ्हाड-नागपूरकडचे जवस तेव्हा मुंबईहून परदेशी जात असे, आणि लिनोलियमच्या पाठीला कापड लागे ते तागाचे. माल आपल्याकडचा, वस्तू त्यांची. ओले फडके फिरवले की स्वच्छ, हा तिचा गुण. पुढे तिची जागा प्लास्टिकच्या व्हिनाइलने घेतली, आणि आजच्या मोटारहोममध्ये प्लायवर चिकटवलेले दिसते ते बहुधा हेच.

व्हिनाइल वाईट नाही. घरातली मातीची फरशी गाडीत घातली तर वजन वाढते आणि हादऱ्यांनी तडकते, त्यापेक्षा ते केव्हाही बरे. पण त्यात अडचण एकच : चिकटवलेली जमीन उचलता येत नाही. सांध्यातून पाणी आत शिरले की खालचे प्लाय फुगते, कुजते, आणि वरून काही कळतही नाही. म्हणून शहाणा कारागीर ते एकसंध घालतो, कडा भिंतीवर थोड्या चढवतो आणि बंद करतो. त्यापुढे फरासाचे शास्त्र वापरावे. दाराशी भोकांची रबरी चटई, म्हणजे जोडे तिथेच उतरतील. वर सतरंजीचे लहान तुकडे, बादलीत धुता येतील एवढेच. थंडीत घोंगडी. पावसाळ्यात सुती काहीही नको. एकाच जमिनीकडून सगळी कामे करून घेण्याचा हट्ट सोडला की प्रश्न निम्मा सुटतो.

हा सगळा माल मिळतोही मंडईच्या आसपासच. बुरूड आळीत चटया, रविवार पेठेत बोहरी आळीला ताडपत्री, दोर आणि रबर. ज्येष्ठात पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा दिंड्यांच्या ट्रकमध्येही तळाला ताडपत्री आणि वर सतरंजी हीच जोडी असते. ती ताडपत्री धड असली तर पुढच्या वाटेवर वारकऱ्याची पाठ कोरडी राहते, नसली तर ताप.

स्वतः मंडईची कथा हीच आहे. १८८६ च्या आधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या उघड्या जागेत, जमिनीवर अंथरून भरे. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाची इमारत झाली आणि विक्रेते गाळ्यांवर चढले. ज्यांना गाळे मिळाले नाहीत ते आजही बाहेर एक कापड पसरून बसतात. पुण्यात त्यांना पथारीवाले म्हणतात. पथारीच्या मुळाशी संस्कृत 'प्रस्तर' आहे, आणि त्याचाही अर्थ पसरलेले, अंथरलेले. अतिक्रमणाची गाडी आली की ती बाई चार कोपरे उचलते, गाठोडे होते, आणि दुकान चालू लागते.

अठरा कारखान्यांपैकी तोफखान्याचा इतिहास लिहिला गेला, कारण तोफा उरल्या. सतरंज्या विरल्या आणि अंथरणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. उरला तो चौकातला एक शब्द. त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक असावा, एवढे तरी त्या हजारो फरासांचे आपल्यावर देणे आहे.