फणसाचा गुण : निघंटू, म्हण आणि प्रयोगशाळा

औषध लागू पडले की मराठी माणूस ‘गुण आला’ असे म्हणतो. म्हैसूरच्या कन्नड बोलीतही रोगी बरा झाला की ‘गुणवायितु’ असेच म्हणतात. दोन भिन्न कुळांतील भाषांनी संस्कृतातील एक शब्द उचलावा आणि त्याचा अर्थ एकाच दिशेने सरकवावा, ही गोष्ट केवळ शब्दार्थशास्त्राची नाही. वैद्यकग्रंथांत ‘गुण’ म्हणजे द्रव्याच्या ठायी असलेला धर्म : गुरू वा लघू, शीत वा उष्ण, स्निग्ध वा रुक्ष. तो स्वतः हितकर नसतो, अहितकरही नसतो. लोकभाषेत मात्र तो आरोग्यलाभाचा पर्याय बनला. ‘अमुक फळाचे गुण’ या मथळ्याखाली आज जे लिहिले जाते, त्यामागे हे अर्थांतर आहे. फणसाच्या बाबतीत ते विशेष स्पष्ट दिसते.

सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त फणस ही एक वस्तू नाहीच, त्या तीन वस्तू आहेत. पिकलेला फणस शीतल, स्निग्ध, पित्त व वात शमविणारा, शरीर भरविणारा, पण कफ वाढविणारा. कच्चा तोच फणस वातुळ, तुरट आणि मलावरोध करणारा. आठळ्या मधुर, वृष्य आणि जड. एवढे सांगून ग्रंथकार थांबत नाही; गुल्माच्या रोग्याने आणि मंदाग्नी असलेल्याने फणस वर्ज्य करावा, असा इशारा तो देतो. निघंटूच्या या रचनेत स्तुती आणि निषेध एकाच श्वासात येतात. फळाची अवस्था आणि खाणाराची प्रकृती यांवाचून तेथे विधानच पुरे होत नाही.

ही परंपरा मराठी माणसाने दक्षिणेत नेली, याचे उत्तम उदाहरण म्हणजे रघुनाथ गणेश नवहस्त याचे ‘भोजनकुतूहल’. तंजावरच्या मराठी राजघराण्याशी, एकोजीची राणी दीपाबाई हिच्याशी, या पंडिताचा संबंध होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी ग्रंथाचा काळ सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात निश्चित केला. त्याचा पहिला परिच्छेद १९५६ साली त्रिवेंद्रमच्या संस्कृत ग्रंथमालेत छापला गेला. ग्रंथ संस्कृत, कर्ता मराठी, आश्रय तमिळ प्रदेशातला. दाक्षिणात्य आहारविद्येचा इतिहास एका भाषेच्या चौकटीत का मावत नाही, ते येथे कळते.

म्हैसूर प्रदेशात हेच ज्ञान वेगळ्या वाङ्मयप्रकारातून टिकले. भुकेल्या पोटी फणस खावा आणि जेवण झाल्यावर आंबा, अशा आशयाची अवघ्या चार शब्दांची कन्नड म्हण तेथे सर्वतोमुखी आहे. कन्नडमध्ये फणसाला ‘हलसु’ म्हणतात. त्याचे जुने रूप ‘पलसु’, तमिळात ‘पला’. संस्कृत ‘पनस’ आणि त्यावरून आलेला मराठी ‘फणस’ यांचे मूळही काही अभ्यासक दाक्षिणात्य बोलींत शोधतात. म्हणीचा सरळ अर्थ वैद्यकीय आहे : जड फळ भरल्या पोटावर घालू नये. ‘भावप्रकाशा’तील मंदाग्नीचा निषेध येथे सामान्य माणसाच्या दिनक्रमात उतरला आहे. पण ‘भुकेला’ हा शब्द एवढ्यावर सोडून चालत नाही. फणस पिकतो तो उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या तोंडाशी, म्हणजे घरातले धान्य सरत आलेले असताना. कोकणात काय किंवा मलनाडात काय, गरे आणि उकडलेल्या आठळ्या यांवर गरिबांची वेळ निभावत असे. म्हणीतला फणस हे पथ्य आहे, तसेच ते जेवणही आहे. आंबा मागाहून खायचा, कारण तो चैनीचा.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात फणसाला जागा दिली, आणि त्यालाही तो पचायला जडच वाटला. त्याने मलबारी ‘जाका’ आणि कोकणपट्टीतील ‘पनस’ ही दोन्ही नावे नोंदविली; युरोपाने पहिले उचलले.

म्हैसूरच्या चेलुवांबा मॅन्शन या राजवाड्यात २१ ऑक्टोबर १९५० रोजी केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. व्ही. सुब्रह्मण्यन हे तिचे पहिले संचालक. देशात अन्नटंचाई होती. शेंगदाण्याच्या पेंडीपासून पौष्टिक पीठ करण्यासारखे प्रयोग संस्थेने हाती घेतले ते त्यामुळेच. भाटिया, सिद्दप्पा आणि गिरधारी लाल यांनी १९५५ साली फणसाचे घटक व पोषणमूल्य यांवर निबंध प्रसिद्ध केला. म्हणीतला भुकेला माणूस येथे पुन्हा भेटतो, फक्त भाषा तक्त्याची झाली आहे. पिकलेल्या गऱ्यांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ९५ कॅलरी, २३ ग्रॅम कर्बोदके, १४ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व आणि ४५० मिलिग्रॅमच्या जवळपास पोटॅशियम असते, असे आजचे तक्ते सांगतात. तक्ता अचूक असतो, पण त्यात खाणारा नसतो. मूत्रपिंडाच्या रोग्याला हेच पोटॅशियम अपायकारक ठरू शकते, हे त्या आकड्याशेजारी लिहिलेले नसते.

तक्त्याने गाळलेला हा खाणारा लोकप्रिय आरोग्यलेखनात परत आला नाही. उलट तक्त्यातील प्रत्येक आकड्याचा ‘फायदा’ झाला. ‘फणस मधुमेहावर गुणकारी’ हे वाक्य त्याचा नमुना. त्याला आधार आहे, पण कशाला? आंध्र प्रदेशातील श्रीकाकुळम येथे मधुमेहाच्या ४० रुग्णांवर केलेली चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांनी १२ आठवडे रोज ३० ग्रॅम कच्च्या फणसाचे पीठ घेतले, तेही तितकाच तांदूळ वा गव्हाचे पीठ कमी करून. त्यांच्या रक्तातील साखरेचे दीर्घकालीन मान उरलेल्यांपेक्षा अधिक घटले. चाचणी लहान आहे, आणि ती पिकल्या गऱ्यांची नव्हेच. ते वाक्य वाचून बरक्या फणसाचे गरे ताटात घेणारा मधुमेही मात्र साखरच खात असतो. कच्चा आणि पिकलेला हा भेद भावमिश्राने श्लोकातच केला होता. चाचणीनेही तो पाळला. गळाला तो मधल्या भाषांतरात, जेथे ‘गुण’ याचा अर्थ ‘फायदा’ एवढाच उरला.

तुमकुरू जिल्ह्यातील चेळूर येथील एका झाडापासून बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने ‘सिद्दू’ हा तांबूस गऱ्यांचा वाण पुढे आणला. त्याच्या रंगातील लायकोपीनची आता वाखाणणी होते. त्याची कलमे मागणाऱ्या शेतकऱ्याला हा फणस कोणी, केव्हा आणि कशावर खावा, हे विचारले तर तो बहुधा ती चार शब्दांची म्हणच ऐकवील.