नाव कुणाचं?

धर्मानंद कोसंबी जन्मानं सारस्वत ब्राह्मण, गोव्यातल्या साखवाळचे. तरी मला हा माणूस आपला वाटतो. १९१० ला ते हार्वर्ड विद्यापीठात गेले, बुद्धघोषाच्या 'विशुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाला. वॉरन काम अर्धवट टाकून वारलेला. कोसंबी रात्रंदिस राबले. अन् प्रोफेसर लॅनमनशी वाजलं. कशावरून? संपादक म्हणून नाव कुणाचं! राबणाऱ्याचं नाव मागं ढकलायचं, ही रीत आपल्याला काय नवी? १९१२ ला ते परतले. पुढं फर्ग्युसनात पाली शिकवलं, पुन्हा हार्वर्ड, १९२९ ला लेनिनग्राड. १९३७ ला परळच्या कामगार वस्तीत बहुजनविहार काढला. १९४० ला मुंबईत 'विशुद्धिमग्ग' छापला, देवनागरीत, स्वतःच्या नावानं. हार्वर्डची प्रत निघाली १९५० ला. संपादक वॉरन, कोसंबी नुसते सुधारणा करणारे. ते तर १९४७ लाच गेलेले.