ऑनलाइन प्रमाणपत्रे आणि 'गेम डिझाइन'च्या पदव्या : नोकरीच्या बाजारात मोल किती?

चेन्नई सेंट्रलहून उत्तरेकडे जाणाऱ्या उपनगरी रेल्वेमार्गावर, शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर गुम्मिडिपूंडी आहे. तिरुवल्लूर जिल्ह्यातील हा परिसर आंध्र प्रदेशाच्या सीमेलगत येतो. महाराष्ट्रात एमआयडीसीचे जे काम, तेच तमिळनाडूत 'सिपकॉट' या राज्य महामंडळाचे. त्याची मोठी औद्योगिक वसाहत येथे असून तिच्यात पोलाद आणि अभियांत्रिकी क्षेत्रातील कारखाने आहेत. याच तालुक्यातील कवरैपेट्टै येथे १९९५ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कारखाना आणि महाविद्यालय एकाच रेल्वेमार्गावर असलेल्या अशा भागात एक प्रश्न वारंवार पुढे येतो. संगणकासमोर बसून मिळवलेले प्रमाणपत्र किंवा नव्या विषयातील पदवी दाखवली, तर नोकरी देणारा ती मानतो का?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कायद्याची मान्यता, परीक्षा घेणारी यंत्रणा आणि उमेदवाराने प्रत्यक्ष केलेले काम, अशा तीन गोष्टींवर ते अवलंबून असते.

पदवी देण्याचा अधिकार

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्रीय किंवा राज्य कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. आयआयटी या शेवटच्या गटात मोडतात. इतर कोणत्याही संस्थेने दिलेला कागद प्रमाणपत्र असू शकतो. पदवी मात्र नव्हे.

ऑनलाइन पदव्यांसाठी आयोगाने २०२० मध्ये नियमावली अधिसूचित केली. तिच्या आधारे मान्यताप्राप्त विद्यापीठांच्या ऑनलाइन व दूरशिक्षण पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. मात्र अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, वास्तुकला, विधी, कृषी अशा विषयांत ऑनलाइन पदवीला परवानगी नाही.

या समकक्षतेचा उपयोग सरकारी भरती, पुढील शिक्षण आणि स्पर्धा परीक्षा यांसाठी होतो. खासगी कंपनीने अमुक पदवीधराला नोकरी द्यावीच, असे बंधन त्यातून निर्माण होत नाही.

२०१७ चा निकाल

मान्यतेकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाने दाखवून दिले. न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल आणि न्यायमूर्ती उदय लळित यांच्या खंडपीठापुढे चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा प्रश्न होता. त्यांतील एक विद्यापीठ तमिळनाडूतील होते.

आवश्यक परवानगी न घेता हे अभ्यासक्रम चालवले गेल्याचे न्यायालयाने ठरवले. २००१ ते २००५ या शैक्षणिक वर्षांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करण्यात आल्या आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने घेतलेली परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांनाच त्या परत मिळतील, असे सांगण्यात आले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. त्या पदवीच्या आधारे नोकरीत मिळालेले लाभ काढून घ्यावेत, पण दिलेली रक्कम वसूल करू नये, असा आदेश होता.

अशा अभ्यासक्रमांकडे वळणाऱ्यांत नोकरी करता करता पुढे शिकू पाहणारे पदविकाधारक होते. औद्योगिक वसाहतींतील पर्यवेक्षक आणि तंत्रज्ञ नेमके याच वर्गातले असतात. पाळी संपवून अभ्यास करायचा, बढती मिळवायची आणि काही वर्षांनी तिचा पायाच नाहीसा व्हायचा, अशी ही अवस्था होती. नोकरदारांसाठी लवचिक वेळेचे वर्ग भरवण्याची मुभा तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून महाविद्यालयांना दिली आहे. अभियांत्रिकीची पदवी हवी असलेल्या पदविकाधारकासाठी हा मार्ग अधिक सुरक्षित आहे.

परीक्षा कोण घेते?

पदवी नसलेल्या, केवळ कौशल्याच्या प्रमाणपत्रांचे मोल परीक्षेवर ठरते. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये मुख्य केंद्र असलेला 'एनपीटीईएल' हा उपक्रम याचे ठळक उदाहरण आहे. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी तो २००३ मध्ये सुरू केला; प्रमाणपत्रे २०१४ पासून मिळू लागली.

येथे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतो. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून ठरलेल्या केंद्रावर, पर्यवेक्षकांसमोर परीक्षा द्यावी लागते. घरी सोडवलेल्या स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण लागतात. म्हणजे दुसऱ्याकडून स्वाध्याय सोडवून घेणाऱ्याला प्रमाणपत्र मिळत नाही. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये जाहीर केलेल्या प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्स विषयाच्या ऑनलाइन पदवीतही हेच सूत्र आहे. व्याख्याने घरी ऐकता येतात, परीक्षेला मात्र केंद्रावर जावे लागते. अर्ध्यावर थांबणाऱ्यास टप्प्यानुसार प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडता येते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ नंतर सुरू केलेला 'एमएस-सीआयटी' हा काही महिन्यांचा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला, तो शासकीय सेवेत संगणक अर्हता म्हणून मान्य झाल्यामुळे. त्या प्रमाणपत्रामागे सरकारी मान्यता आणि स्वतंत्र परीक्षा होती. संगणकाची तेवढीच माहिती देणाऱ्या इतर असंख्य वर्गांच्या कागदांना हे स्थान मिळाले नाही.

संशोधन काय सांगते?

मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची लाट अमेरिकेत २०११-१२ मध्ये आली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका वर्गाला तेव्हा दीड लाखाहून अधिक जणांनी नाव नोंदवले आणि त्यानंतर कोर्सेरा, उडॅसिटी, एडएक्स ही व्यासपीठे उभी राहिली. पण २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने केलेल्या पाहणीत अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे सरासरी प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास आढळले. नाव नोंदवणे सोपे आणि शेवटपर्यंत टिकणे अवघड असल्याने, पूर्ण केलेला अभ्यासक्रम उमेदवाराच्या चिकाटीचा पुरावा ठरू शकतो.

नोकरी देणाऱ्यांचे मन जाणून घेण्याचा एक मोठा प्रयोग २०१६ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डेव्हिड डेमिंग, पुढे नोबेल पारितोषिक मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काल्पनिक उमेदवारांचे दहा हजारांहून अधिक अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले. व्यवसाय शाखेच्या पदवीधरांत, नफ्यासाठी चालणाऱ्या ऑनलाइन संस्थेचे नाव असलेल्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता साध्या सरकारी महाविद्यालयाच्या तुलनेत २२ टक्क्यांनी कमी आढळली. आरोग्य क्षेत्रात, जेथे कामासाठी स्वतंत्र परवाना लागतो तेथे, असा भेद दिसला नाही. बाहेरच्या यंत्रणेने कौशल्य तपासलेले असेल, तर ते कोठे शिकले हे गौण ठरते, असा याचा अर्थ.

गेम डिझाइनची पदवी

व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात असा परवाना नाही. स्कॉटलंडमधील अबर्टे विद्यापीठाने १९९७ मध्ये या विषयाची पदवी सुरू केली; अमेरिकेत डिजिपेन संस्थेने १९९८ मध्ये त्याच वाटेने पाऊल टाकले. पुढे ब्रिटनमध्ये असे अभ्यासक्रम भराभर वाढले. इयन लिव्हिंगस्टन आणि अॅलेक्स होप यांच्या २०११ च्या अहवालाने मात्र त्यांपैकी अनेक अभ्यासक्रम उद्योगाला हवी ती कौशल्ये देत नसल्याचे सांगितले आणि शाळेपासूनच संगणकशास्त्र, गणित व चित्रकला यांचा पाया पक्का करण्याची शिफारस केली.

भारतात राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पुण्यात २००८ मध्ये फ्रेंच संस्थेच्या सहकार्याने अॅनिमेशन आणि गेमचे शिक्षण देणारे संकुल उभे राहिले. पण २०१७-१८ मध्ये प्रवर्तक उद्योगसमूह आर्थिक संकटात सापडला आणि त्याची झळ संकुलालाही बसली. लाखो रुपये शुल्क असलेल्या अभ्यासक्रमाची निवड करताना संस्थेची आर्थिक स्थितीही पाहावी लागते, हा त्यातला धडा.

पुण्याने या उद्योगाची दुसरी बाजूही पाहिली आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ तेथे २००८ पासून आहे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्यातील लहान चमूने तयार केलेला 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा गेम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले.

अशा स्टुडिओत प्रोग्रॅमर, चित्रकार, अॅनिमेटर, चाचणीकार अशी कामे वाटलेली असतात. 'डिझायनर' म्हणजे खेळाचे नियम आणि टप्पे आखणारा. त्याच्या जागा थोड्या असतात आणि त्या बहुधा अनुभवी माणसांकडे जातात. त्यामुळे नवख्या उमेदवाराकडे पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतः केलेल्या कामाचा संग्रह मागितला जातो. एक लहान पण पूर्ण झालेला, चालणारा गेम. त्यात आपला वाटा कोणता याची स्पष्ट नोंद. आणि कंपनीने दिलेले चाचणीचे काम वेळेत करून दाखवणे, यांवर निवड होते. २००९ पासून होणाऱ्या 'ग्लोबल गेम जॅम'सारख्या ४८ तासांच्या उपक्रमांत असे काम उभे करता येते. पदवीचा खरा लाभ तेथे शिकताना मिळणारा वेळ, मार्गदर्शन आणि सहकारी यांत असतो. गुम्मिडिपूंडीसारख्या वसाहतीतील वेल्डरची गोष्ट याहून वेगळी नाही. आयटीआयचे प्रमाणपत्र त्याला दारापर्यंत नेते. त्याचे कसब ठरते ते समोर जोडून दाखवलेल्या सांध्यावरून.

महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये अॅनिमेशन, दृश्य परिणाम आणि गेमिंग क्षेत्रासाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. मुंबईत त्याच वर्षी जुलैमध्ये भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेचे उद्घाटन झाले. दुसरीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि त्या खेळांवर चालणाऱ्या कंपन्यांतील रोजगारावर परिणाम झाला. त्यामुळे 'गेमिंगमध्ये भरपूर नोकऱ्या' असे सांगणाऱ्या जाहिरातीत कोणते गेमिंग अभिप्रेत आहे, हे विचारणे आवश्यक आहे.

पदवीवाचून निवड

चेन्नई परिसरात पदवीला वळसा घालणारे प्रयोगही झाले आहेत. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने २००५ च्या सुमारास बारावी आणि पदविका झालेल्या मुलांना विद्यावेतन देऊन शिकवणे आणि नंतर कामावर घेणे सुरू केले. येथे परीक्षक आणि मालक एकच असल्याने कागदाचा प्रश्नच उरत नाही. तमिळनाडू सरकारच्या मार्च २०२२ मधील 'नान मुदल्वन' योजनेने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उद्योगांच्या सहकार्याने कौशल्याचे अभ्यासक्रम उपलब्ध करून दिले.

प्रवेश घेण्यापूर्वी काय तपासावे?

पदवी मिळणार असेल तर विद्यापीठाचे आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरील यादीत, चालू वर्षासाठी आहे का, हे पाहावे. 'समकक्ष', 'आंतरराष्ट्रीय मान्यता' या शब्दांवर विसंबू नये.

प्रमाणपत्र असेल तर परीक्षा कोठे व कोणासमोर होते आणि कंपनीला ते परस्पर पडताळून पाहता येते का, हे विचारावे.

गेम डिझाइनसारख्या विषयात मागील तुकड्यांतील विद्यार्थ्यांचे काम पाहण्याची मागणी करावी. 'शंभर टक्के नोकरी' या आश्वासनापेक्षा ते विद्यार्थी आज कोणत्या पदावर आहेत, ही माहिती अधिक उपयोगी असते.

शुल्कासाठी कर्ज काढावे लागत असेल, तर आधी एखादा विनामूल्य अभ्यासक्रम पूर्ण करून पाहणे श्रेयस्कर. तो शेवटपर्यंत नेता आला, तर पुढच्या खर्चाचा निर्णय घेणे सोपे जाते. नाही आला, तर कर्जाचा बोजा तरी टळतो.