सर्पगंधेची मुळी आणि पक्षाघात

अंगावरून वारे गेले, एवढ्या एका वाक्यात आपल्या खेड्यापाड्यांतून जिची बातमी सांगितली जाई आणि वैद्यांनी पक्षाघात म्हणून जिला वातव्याधींत गणले, त्या आपत्तीचे मूळ मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आहे, हे स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर याने शवविच्छेदनाच्या आधारे १६५८ साली ग्रंथरूपाने मांडले. परंतु आघातापूर्वीच त्याची चाहूल घेण्याचे साधन मिळावयास इटलीच्या रिवा-रोच्चीने १८९६ साली दंडाला पट्टा आवळून पाऱ्याच्या स्तंभावर रक्तदाब मोजून दाखवीपर्यंत वाट पाहावी लागली.

दाब मोजता आला, तरी तो उतरवावा की नाही याविषयी एकमत नव्हते. अरुंद झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे रेटण्यासाठी निसर्गानेच केलेली ती तजवीज असून तीत दखल देऊ नये, असे म्हणणारे मातब्बर डॉक्टर पुष्कळ होते. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांच्या वाढत्या दाबाचे आकडे वैद्यांच्या दप्तरी होते. हुकमी औषध मात्र नव्हते.

ते औषध ज्या वनस्पतीतून निघाले, ती सर्पगंधा आपल्याकडे उन्मादावर आणि सर्पदंशावर परंपरेने वापरात होती. तिच्या मुळीने रक्तदाबही उतरतो, ही नोंद १९३१ साली कलकत्त्याच्या सेन व बोस या वैद्यद्वयाने केली. पण ती परदेशी फारशी कोणी वाचली नाही. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील अनुभव १९४९ साली ब्रिटनच्या हृद्रोगविषयक नियतकालिकात छापला, तेव्हा कोठे पाश्चात्त्यांचे लक्ष इकडे वळले. श्रेय वकिलांना मिळाले ते रास्तच. तथापि त्या श्रेयात कलकत्त्याचा हिस्सा कबूल करणे हा साधा न्याय आहे. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या रसायनज्ञांनी मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले.

जुना वाद निकालात निघाला तो १९६७ साली. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत, ज्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता अशा १४३ पुरुषांपैकी काहींना रिसर्पिनसह तीन औषधे व बाकीच्यांना औषधाविना गोळ्या दिल्या, तेव्हा मृत्यू, पक्षाघात आदी गंभीर प्रसंग औषधविरहित गटात २७ आणि औषध घेणाऱ्यांत अवघे २ घडले. पुढे मन खिन्न करण्याचा दोष चिकटल्याने आणि अधिक सोईची औषधे निघाल्याने रिसर्पिन मागे पडले, आणि दाब उतरविण्याचे काम त्या नव्या औषधांकडे गेले.