भांगाच्या दिवसांत बांधलेला बांध

बांध कमकुवत झालाय हे आमच्या खारेपाटात खांड, म्हणजे भगदाड, जाण्याच्या पुष्कळ आधी कळायचं. श्रावणात शेतात पावसाचं गोडं पाणी असे. धरमतर खाडीच्या बाजूच्या बांधाला आतल्या अंगाने, पायथ्याशी कुठे पाझर दिसला की माझे आजोबा ते पाणी बोटाने जिभेवर ठेवत. खारट लागलं, म्हणजे खेकड्याचं बीळ आरपार गेलं. ते लगेच चिखलाने चोंदायचं. बोटभर बिळाची एका उधाणात बैलगाडी जाईल एवढी खांड होते, आणि खारं पाणी शिरलेल्या जमिनीत धड भात यायला दोन-तीन पावसाळे जातात.

अलिबाग-पेणची ही खारबंदिस्ती इंग्रजांच्याही आधीची. अशा शिलोत्री, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनींची नोंद 1883च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये आहे. ती टिकली जोळीवर. जोळ म्हणजे बांधाखाली ज्यांची शेतं, त्यांनी घरटी माणूस देऊन बांध राखायचा. खांड गेलीच तर अष्टमीच्या सुमाराचा भांग गाठायचा, कारण तेव्हा भरतीला जोर नसतो. मेढी ठोकायच्या, पेंढ्याचे भारे दाबायचे, चिखलाची ढेपं हातोहात द्यायची. पुनवेचं उधाण यायच्या आत बांध पाण्याच्या वर आलाच पाहिजे.

राबणारे हात कुळांचे आणि भाताचा मोठा वाटा खोताचा, हा अन्याय या भागाने निमूट सोसला नाही. 27 ऑक्टोबर 1933ला शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने चरी गावात कुळांचा संप ठरला. पंचवीस गावांच्या कुळांनी 1939पर्यंत खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. पुढे कुळं मालक झाली.

बांध मात्र हातातून गेला. 1948च्या खार जमीन कायद्याने बांध सांभाळायला सरकारी मंडळ आलं, 1979ला नवा कायदा झाला. त्याची गरज होतीच, दगडी पिचिंग आणि पाणी सोडायच्या पक्क्या उघाड्या गावाला परवडणाऱ्या नव्हत्या. पण जोळ मोडली, आणि टेंडर निघेपर्यंत उधाणं येऊन जातात. बुडालेल्या शेतात तिवरं रुजतात. 2005च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती तोडता येत नाहीत, म्हणजे सातबारा शेतकऱ्याचा आणि जमीन कांदळवनाची. कांदळवन राखलंच पाहिजे, पण ते बांधाच्या बाहेर. म्हणून दुरुस्तीच्या निधीतला एक हिस्सा थेट गावाच्या जोळीला मिळावा, आणि तो पावसाळ्याआधी मिळावा. पहिली खांड गेल्यावर, येणाऱ्या भांगालाच काम उभं राहील एवढा पैसा गावात असायला हवा.