काचपात्रातील कूर्म

सभामंडपाच्या फरशीत कोरलेल्या कासवाला हात लावून मग देवापुढे जाण्याची आपली रीत सर्वांच्या परिचयाची आहे. आसामात हाजो येथील हयग्रीव माधवाच्या तळ्यात मात्र कासवे जिवंत आहेत. कासव पाळण्याची ही आपल्या देशातील जुनी तऱ्हा : मालकी देवाची, चारा भाविकांचा. मऊ पाठीचे काळे कासव निसर्गातून नामशेष झाल्याचे २००२ साली जाहीर झाले, तेव्हा त्याचा वंश अशा देवतळ्यांनीच राखला होता.

दुसरी तऱ्हा अमेरिकेतली. मिसिसिपीच्या खोऱ्यातील, कानशिलावर तांबडा पट्टा असलेल्या कासवाची रुपयाएवढी हिरवीगार पिल्ले गेल्या शतकाच्या मध्यास तेथील स्वस्त दुकानांत चिल्लर नाण्यांना मिळत. सोबत प्लास्टिकचे उथळ भांडे, आणि त्यात प्लास्टिकचेच ताडाचे झाड! या प्राण्याला पोहण्यास भरपूर पाणी आणि ऊन खाण्यास कोरडी जागा, दोन्ही लागतात. बहुतेक पिल्ले वर्षाच्या आत मरत. जे जगे ते वीतभराहून मोठे होई व तीस-तीस वर्षे राही. खरेदीच्या वेळी हे कोणाच्या ध्यानीमनी नसे. पुढे त्यांच्या अंगावरील साल्मोनेला जंतूंमुळे मुले आजारी पडू लागली, तेव्हा १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री तेथे बंद झाली. निर्यात मात्र खुली राहिली. या साऱ्या इतिहासात हा अपवादच आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. आपल्या मुलांस जे अपायकारक, ते परक्यांच्या मुलांस विकण्यास आडकाठी नव्हती! १९८९ ते १९९७ या काळात पाच कोटींहून अधिक कासवे अमेरिकेबाहेर गेली. १९९७ साली युरोपने आपले दार लावून घेतले. आशियाचे उघडेच होते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी कासवांना संरक्षण दिले. या परक्या जातीचे त्यात नाव नव्हते. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत ती सुखेनैव शिरली. घरात कासव शुभ, या समजुतीने गिऱ्हाइकांत भर पडली. विष्णूच्या अवतारास डबक्याएवढ्या काचपात्रात कोंडणे शुभ कसे, हे आम्हांस उमगलेले नाही.

कासव वाढले, पाणी नासू लागले, की धनी ते गुपचूप जवळच्या तळ्यात सोडतो, आणि जीव वाचविल्याचे पुण्यही पदरी बांधतो. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात हे तांबड्या कानशिलाचे कासव आढळले आहे. दीपर बीलच्या पाणथळीतही ते पोहोचले आहे. ते खादाड आहे, देशी कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावते, आणि एकदा मोठ्या पाण्यात गेल्यावर वेचून काढता येणे महाकठीण.